नसलेल्या इमारतीच्या दाराशी

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी पटवून घेऊ नये. जिच्या बाबतीत घडली तिलाही ती अजून पटलेली नाही.

वर्ना टिब्ज माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. बफेलो शहरात, एका लहानशा इंजिनियरिंग ऑफिसात, आम्ही एकोणीस वर्षं बरोबर काम करतोय. एक्कावन्न वर्षांची, उंच, फटकळ बाई. मातीची परीक्षा हे तिचं काम. जमीन वाईट निघाली तर बिल्डरच्या तोंडावर सांगते, 'इथं कोंबड्यांचं खुराडंही बांधू नका.' भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून कॉफी आणायला जाते.

तर गेल्या जानेवारीतली गोष्ट. मंगळवार ते शुक्रवार, चार दिवस. जागा, शहराच्या पूर्व भागातली ऑर्लो स्ट्रीट.

आणि यातलं काहीही कुणी रात्री पाहिलेलं नाही. सगळं दिवसाढवळ्या.

ऑर्लो स्ट्रीटच्या एका बाजूला पूर्वी नऊ घरं होती. माणसं गेली, घरं पडकी झाली, एकेक करून पाडली. तळघरांत विटा-माती भरून वर गवत लावलं. नऊ प्लॉट रिकामे. शेवटचं घर पाडल्यापासून पाच वर्षांत तिथं कुणी कुदळ मारली नव्हती.

आता तिथं एक सार्वजनिक इमारत बांधायचं घाटत होतं. खाली वाचनालय, वर दवाखाना. छतावर सोलर पॅनल, आणि जमिनीत खोल नळ्या सोडून तिथली ऊब वर आणायची. म्हणजे शहराची वीज गेली तरी ही इमारत गरम राहणार, आणि कडाक्याच्या थंडीत कुणीही येऊन बसावं म्हणून तिचं दार उघडं राहणार.

त्या भागाला याची गरज किती होती, हे तिथल्या कुणालाही विचारा. सात वर्षांपूर्वी मोठं हिमवादळ आलं तेव्हा दोन दिवस वीज नव्हती. रस्ते बंद. गाडी निघेना, मदत येईना, माणसं गोठून मेली. आणि जवळपास जाऊन बसायला एकही उबदार जागा नव्हती.

पण इमारत तिथं होऊ शकते का, हे कुणीतरी तपासून लिहून द्यायला हवं होतं. जमीन भार सोसेल का? खालची ऊब पुरेल का? हिवाळ्यात पॅनलवर ऊन किती पडेल? तो अहवाल वर्नाचा. तिने 'होत नाही' लिहिलं असतं, तर मंजूर होऊ घातलेला निधी दुसऱ्या शहराला गेला असता.

मंगळवारी सकाळी वर्ना आणि कॅझ तिथं पोहोचले. कॅझ ड्रोझडेक म्हणजे आमचा बोअर मारणारा. साठीचा पोलिश गडी, त्याच भागात वाढलेला, तोंडाला कुलूप नाही.

दोघांनी नकाशाप्रमाणे इमारतीचे कोपरे मोजले. लाकडी खुंट्या ठोकल्या. खुंट्यांना गुडघाभर उंचीवर नारिंगी दोरी बांधली. जिथं मुख्य दार येणार होतं तिथं, पूर्वेच्या बाजूला, दोन जादा खुंट्या.

"झाली बघ इमारत," कॅझ म्हणाला. "आता फक्त भिंती, छप्पर आणि पैसे आणा."

"तू आधी भोक पाड," वर्ना म्हणाली.

मग मशीन लावलं. संध्याकाळपर्यंत चांगलं खोल गेलं. भोकात लोखंडी पाइप बसवला, त्याचं तोंड जमिनीच्या वर चार फूट राहिलं. आत तापमापकाची वायर सोडून झाकण लावलं.

तेवढ्यात समोरच्या घरातून एक म्हातारी आली. अंगात पुरुषी ओव्हरकोट, हातात थर्मास. त्या गल्लीत वस्ती असलेली दोनच घरं उरली होती, त्यातलं हे एक.

"मी अर्नेस्टीन गेदर," ती म्हणाली. "चार वर्षं प्रत्येक मीटिंगला जाऊन या इमारतीसाठी भांडणारी म्हातारी ती मीच. कॉफी घ्या. आणि मला एवढंच सांगा, होणार ना?"

"आत्ताच कसं सांगू, मिस अर्नेस्टीन? माती काय म्हणते ते बघू दे."

"माती काय म्हणायची? माती गप्पच असते, पोरी." म्हातारीने दोरीकडे पाहिलं. दाराच्या त्या दोन खुंट्यांपाशी तिची नजर थांबली. "दार इकडून ठेवलंय होय..."

एवढंच बोलली आणि गेली.

रात्री बर्फ पडलं. चार-पाच इंच, मऊ, सपाट.

बुधवारी सकाळी वर्ना गाडीतून उतरली आणि...

तिथंच उभी राहिली.

बर्फात पावलं उमटली होती.

एकाच माणसाची. मोठ्या बुटांची. डावं पाऊल स्वच्छ उठलेलं, उजव्याच्या मागे लांब रेघ. उजवा पाय ओढत चालणारा माणूस.

पावलं दोरीच्या बाहेरून, अगदी दोरीला लागून गेली होती. उत्तरेची बाजू... पश्चिमेची... दक्षिणेची. भिंतीला हात लावत अंधारात चालावं तशी. शेवटी पूर्वेला, त्या दोन खुंट्यांमध्ये, दोन्ही पावलं शेजारी शेजारी. बोटं आतल्या बाजूला.

तिथं तो बराच वेळ उभा असावा. बर्फ दाबून घट्ट झालं होतं.

गुडघ्याएवढी दोरी. लहान मूलही ओलांडून गेलं असतं.

त्याने ओलांडली नव्हती.

"कुणीतरी दारुडा असेल," कॅझ म्हणाला. "बिचाऱ्याला वाटलं असेल, बार उघडायचाय."

वर्ना हसली. मग पावलं आली कुठून ते बघायला उलट दिशेने चालत गेली.

ती जुन्या चव्वेचाळीस नंबरच्या प्लॉटच्या मधोमध सुरू होत होती.

त्याच्या आधी... काही नाही. चारही बाजूंना कोरं बर्फ.

कॅझने टोपी मागे सारून डोकं खाजवलं. 

"वाऱ्याने पुसली असतील आधीची," वर्ना म्हणाली.

त्या दिवशी वारा नव्हता.

दुपारी साडेतीनच्या सुमाराला कॅझ गाडीत बसून डब्यातल्या पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या पोलिश करंज्या, खात होता. वर्ना पाइपपाशी उकिडवी बसून आकडे उतरून घेत होती. आकडे चांगले होते. खालची जमीन वर्नाच्या अंदाजापेक्षा उबदार होती.

आणि तेव्हा तिला जाणवलं, सगळं गप्प झालंय.

पलीकडच्या मोठ्या रस्त्यावरच्या गाड्या... नाहीत. वायरीवरचे कावळे... नाहीत. स्वतःच्या श्वासाचा आवाज तेवढा.

टक्...

पाइपावर. तिच्या कानाच्या उंचीवर.

टक्...

लोखंड थंडीने आकसलं की आवाज करतं. तिला ते पक्कं माहीत होतं.

मग थोडा वेळ काहीच नाही. आणि...

टक्.

हा तिसरा आवाज खालून आला. अगदी बर्फालगतून. हळू. उभ्याने दोनदा वाजवून, मग खाली बसून कुणी एकदा वाजवावं तसा.

"कॅझ, तू काही वाजवलंस?"

कॅझने गाडीची काच खाली केली. "माझ्या एका हातात काटा आहे, दुसऱ्यात डबा. काय वाजवू, नाक?"

वर्ना पाइपाकडे बघत राहिली. पुन्हा आवाज आला नाही. मोठ्या रस्त्यावरच्या गाड्या पुन्हा ऐकू यायला लागल्या.

त्या संध्याकाळी ती घरी लॅपटॉप घेऊन बसली. पूर्वेचं दार तिला पटत नव्हतं. बसचा थांबा दक्षिणेला. चाकाची खुर्ची घेऊन येणाऱ्याला पूर्ण वळसा पडला असता. तिने नकाशात दार उचललं आणि दक्षिणेच्या बाजूला, मधोमध ठेवलं.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. ईमेल केला नाही. कागदावर काढलं नाही. जागेवरच्या खुंट्या होत्या तिथंच होत्या.

हे मी मुद्दाम सांगतोय. कारण नंतर मी तिला तीनदा विचारलं, 'नक्की कुणाला बोलली नव्हतीस?' तिसऱ्यांदा ती माझ्यावर ओरडली.

रात्री पुन्हा बर्फ.

गुरुवारी सकाळी पावलं होती. तीच. उजवा पाय ओढणारी.

पण आज ती दोरीभोवती फिरली नव्हती. चव्वेचाळीस नंबरच्या मधोमध सुरू झाली आणि सरळ... नाकासमोर... दक्षिणेच्या बाजूला गेली.

मधोमध थांबली.

तिथं खुंटी नव्हती. खूण नव्हती. नुसती दोरी.

वर्नाने गाडीतून टेप आणली. कोपऱ्यापासून पावलांपर्यंत मोजलं. मग लॅपटॉप उघडून नकाशातलं अंतर पाहिलं.

सत्तेचाळीस फूट.

सत्तेचाळीस फूट.

कॅझ तिच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होता. "दार तर पूर्वेला होतं ना?"

"काल रात्री बदललं."

"कुणाला माहीत होतं?"

वर्नाने लॅपटॉप मिटला. कॅझने छातीवर क्रूसाची खूण केली. "बॉस, मी गाडीत बसतो. काही लागलं तर हॉर्न वाजव. म्हणजे मीच वाजवीन. तू फक्त हात कर."

वर्ना रस्ता ओलांडून समोरच्या घरी गेली.

मिस अर्नेस्टीन दारातच उभी होती. वाट बघत असल्यासारखी.

"ये, पोरी. पाय पूस."

स्वयंपाकघर गरम होतं. गॅसवर सूप रटरटत होतं. वर्ना खुर्चीत बसली आणि आडवळण न घेता तिने विचारलं, "चव्वेचाळीस नंबरला कोण राहायचं?"

म्हातारी बराच वेळ सूप ढवळत राहिली.

"लुशस पेटवे. एकतीस वर्षं शहराची बस चालवली त्याने. ब्रेक दाबून दाबून उजवा पाय गेला होता. ओढत चालायचा."

वर्ना खुर्चीत पुढे सरकली. पावलांबद्दल तिने म्हातारीला एक शब्दही सांगितला नव्हता.

"वादळात गेला?"

"दुसऱ्या दिवशी. दुपारी साडेतीन-पावणेचारला."

"वेळ इतकी नक्की कशी माहीत?"

मिस अर्नेस्टीनने चमचा खाली ठेवला.

"कारण त्याने माझं दार वाजवलं."

तिने गॅस बारीक केला.

"त्याच्या घरी विजेचा हीटर. वीज गेली, संपलं. माझा गॅस काडीने पेटतो, हे त्याला ठाऊक होतं. कितीदा इथं बसून जेवलाय तो, तू बसलीयेस त्याच खुर्चीत. पण बाहेर सगळं पांढरं, पोरी. स्वतःचा हात दिसत नव्हता. आणि सकाळीच मैत्रिणीचा फोन आला होता, कुणीतरी घरं फोडत फिरतंय म्हणून. मी एकटी."

"मग?"

"दोनदा वाजलं. मी दारापाशी गेले. कडीवर हात ठेवला. हा हात. विचारलं, कोण? वाऱ्यात त्याला काय ऐकू जाणार? त्याचंही मला काही ऐकू आलं नाही. मी म्हटलं, ओळखीचा असेल तर पुन्हा वाजवेल. मग उघडू."

ती थांबली.

"पुन्हा वाजलं. एकदाच. पण... खालून. दाराच्या पार खालून. हळू. मला वाटलं, कुत्रं आहे."

वर्नाने वळून पुढच्या दाराकडे पाहिलं.

"तिसऱ्या दिवशी बर्फ उपसलं तेव्हा सापडला. माझ्या पायरीवर. मधे दीड इंचाचं लाकूड होतं, पोरी, बाकी काही नाही." म्हातारीचे डोळे कोरडे होते. "सगळे म्हणाले, वादळाने मेला. मीटिंगमध्ये मीही तेच सांगते. 'लुशस पेटवेसाठी ही इमारत हवी.' लोक टाळ्या वाजवतात."

"तुम्ही ही पावलं बघितली होती आधी?"

"सात वर्षांत कधी नाही. बर्फ पडलं की मी खिडकीत बसते. कधी काही दिसलं नाही. तुम्ही मंगळवारी ती दोरी बांधलीत... आणि बुधवारी तो उठला."

शुक्रवारी दुपारपर्यंत वर्नाचं सगळं काम झालं होतं. जमीन चांगली होती. जुन्या तळघरांतला राडारोडा काढावा लागणार होता, जुन्या रंगातलं विषारी शिसं उतरल्यामुळे मातीचा वरचा फूटभर थर बदलावा लागणार होता, पण अडचण अशी कुठलीच नव्हती. खुंट्या उपटायच्या आणि निघायचं.

सव्वातीनला मिस अर्नेस्टीन रस्ता ओलांडून आली. डोक्याला चर्चला जातानाची टोपी.

"खुंट्या काढू नकोस अजून," ती म्हणाली. "दार कुठं ठेवलंस?"

वर्नाने दाखवलं.

"मला एकटीला जमायचं नाही. हात थरथरतात. तू त्या बाजूने धर."

वर्ना मला सांगते, तिने 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं. पण म्हातारी वाकली होती, दोरी तिच्या हातात होती. मग वर्नानेही वाकून धरली. दोघींनी मिळून दोरी वर उचलली. छातीपर्यंत... डोक्यापर्यंत. खाली माणूस जाईल एवढी जागा झाली.

कॅझ गाडीत होता. त्याने इंजिन बंद केलं.

गाड्यांचा आवाज थांबला.

"लुशस," मिस अर्नेस्टीन म्हणाली. रोज हाक मारावी तितक्या साध्या आवाजात. "ये आत. दार उघडंय. मला उशीर झाला रे."

काही नाही.

काहीच नाही.

मग... चर्रर्र.

बर्फावर पाऊल पडल्याचा आवाज. आणि मागे फरपट. चर्रर्र... सर्र. चर्रर्र... सर्र.

जवळ आला. दोघींच्या मधे आला. वर्नाच्या उजव्या गालाला असा गारठा लागला की डोळ्यांतून पाणी आलं. जुन्या लोकरीचा वास आला, ओल्या कोटाचा.

आणि आवाज आत गेला.

दोरीच्या पलीकडे, न झालेल्या इमारतीत, बर्फावर दोन पावलं थांबलेली दिसत होती. वर्नाने सुटकेचा श्वास सोडला. हात खाली घ्यायला लागली.

"थांब!" म्हातारी पुटपुटली. "सोडू नकोस."

"गेला ना तो आत..."

"सोडू नकोस, पोरी. मागे अजून आहेत."

चर्रर्र...

हे पाऊल वेगळं होतं. हलकं. त्याच्यामागे आणखी एक. मग घाईघाईची, छोटी, दुडकी पावलं. त्यांच्यामागे काठी टेकल्याचा आवाज. मग एक जोडी. मग आणखी...

वर्नाने डोळे मिटून घेतले. हात भरून आले. खांद्यात कळा यायला लागल्या. समोरच्या बाजूला मिस अर्नेस्टीनचे दात वाजत होते, पण तिने दोरी एक इंचभर खाली येऊ दिली नाही. आवाज येतच राहिला. एकामागून एक. कुणी ढकलाढकल करत नव्हतं. रांगेने येत होते.

किती वेळ, ते वर्नाला सांगता येत नाही. कॅझचं घड्याळ म्हणतं, अकरा मिनिटं.

एकदम पलीकडच्या रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला. वर्नाने डोळे उघडले.

दोरीच्या आतलं बर्फ तुडवून तुडवून काळपट झालं होतं. जत्रेनंतरच्या मैदानासारखं. आणि बाहेर, दक्षिणेकडे, पावलांचा रुंद पट्टा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन वळत होता. कुठून आला होता, ते बघायला कुणीच गेलं नाही.

परतीच्या वाटेवर गाडी कॅझ चालवत होता. ऑफिसजवळ आल्यावर म्हणाला, "मी मोजायला सुरुवात केली होती. मग थांबलो."

"काय मोजत होतास? तुला दिसलं का काही?"

"त्यातल्या एकीने माझ्याकडे वळून बघितलं," कॅझ म्हणाला. "पुढचं विचारू नकोस."

त्यानंतर त्याने ऑर्लो स्ट्रीटचं एकही काम घेतलेलं नाही.

वर्नाने अहवाल लिहिला. इमारत होऊ शकते. पानं चौऱ्याहत्तर. मी स्वतः तपासला. त्यात या चार दिवसांतलं काही नाही, आकडे तेवढे आहेत. निधी मंजूर झाला. पण सरकारी काम ते. निविदा, परवाने, मग बांधकाम. दार खरोखर उघडायला अडीच वर्षं तरी.

फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा मोठं बर्फ झालं. पारा शून्याच्या खाली पंधरा. वर्नाला राहवेना. दुपारी ती मिस अर्नेस्टीनला मंजुरीची बातमी द्यायला गेली.

लांबूनच तिला दिसलं...

म्हातारीच्या घराचं पुढचं दार सताड उघडं होतं.

वर्ना धावत पायऱ्या चढली. नको ते बघायची मनाची तयारी करून आत गेली. मिस अर्नेस्टीन स्वयंपाकघरात होती. जिवंत. ओव्हरकोट, टोपी, हातमोजे घालून गॅसपाशी बसलेली. चारही शेगड्या पेटवलेल्या. सर्वांत मोठ्या पातेल्यात सूप.

"वेड लागलंय का तुम्हाला? दार लावा! गोठून मराल!"

"हळू बोल," म्हातारी म्हणाली.

"इमारत मंजूर झाली, मिस अर्नेस्टीन. होणार आहे. तुम्ही जिंकलात."

"चांगलं झालं. कधी?"

"अडीच वर्षं लागतील."

"अडीच वर्षं," म्हातारी म्हणाली आणि समोरच्या रिकाम्या खोलीकडे बघितलं. "आपण त्यांना आत बोलावलं, पोरी. भिंती नाहीत, छप्पर नाही, अशा जागेत. तोपर्यंत त्यांनी जायचं कुठं?"

तेव्हा वर्नाचं लक्ष खाली गेलं.

पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंतची लाकडी जमीन ओली होती. बाहेरून आलेल्या बुटांचं बर्फ वितळून साचावं तशी पाण्याची थारोळी. दाराशी... भिंतीच्या कडेने... जिन्याच्या प्रत्येक पायरीवर. जिथं जिथं माणूस टेकून बसू शकेल, तिथं तिथं.

तिच्या पायाशी एक होतं, तळहाताएवढं. ते हळूहळू पसरत होतं.

वर्ना मागे मागे सरकत बाहेर आली. ओल्या जागांवर पाय पडू नये म्हणून भिंतीला चिकटून. पायरीवर आल्यावर सवयीने तिचा हात दार ओढून घ्यायला गेला.

आतून कुणीतरी खोकलं. म्हातारी नव्हे. पुरुषाचा आवाज होता.

वर्नाने हात मागे घेतला. दार तसंच उघडं ठेवून ती गाडीकडे चालत गेली.